काकाजींचा तिसरा तक्ता

मे महिन्याच्या भर दुपारी अंगात लोकरीचा स्वेटर आणि गळ्यात मफलर घालून नागपूरच्या रस्त्यानं चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे काकाजी. रामदासपेठेतल्या आमच्या संगणक केंद्रासमोर उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथल्या रसवाल्याला सुरुवातीला वाटलं होतं, हा माणूस तापानं फणफणलेला आहे. त्यानं दोनदा त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि जवळचा दवाखाना कुठे आहे ते सांगितलं. दोन्ही वेळा काकाजींनी दवाखान्याचा पत्ता वहीत नीट उतरवून घेतला आणि आपल्या वाटेनं गेले.

कारण साधं होतं. यंत्राची खोली कायम थंड ठेवावी लागायची. बाहेर शहर भाजून निघत असताना आत हुडहुडी भरायची. आम्ही सगळे आत जाताना स्वेटर चढवायचो, बाहेर येताना काढायचो. काकाजी काढतच नसत. दिवसभर काढ-घाल करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात माणूस एक प्रोग्रॅम लिहून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वर लू लागू नये म्हणून खिशात कांदा. तोही ते थंड खोलीत काढून ठेवत नसत. बाहेरगावहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी एकदा नाक वर करून यंत्र जळतंय का असं विचारलं, तेव्हा आमच्या डायरेक्टर साहेबांनी ते परदेशी वंगण असल्याचं सांगून वेळ मारून नेली.

काकाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. केस तिशीतच पांढरेशुभ्र झाले, म्हणून ते चिकटलं. मूळचे नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरी भावांच्या संत्र्याच्या बागा होत्या. हे एकटेच गणिताच्या नादानं शहरात आले आणि यंत्राच्या खोलीत शिरले ते शिरलेच. यंत्र सोळाच्या पटीत मोजतं, म्हणून हेही सोळाच्या पटीत मोजायला लागले. वय विचारलं की म्हणायचे, "दोन बी." म्हणजे दोन सोळा बत्तीस आणि बी म्हणजे अकरा, असे त्रेचाळीस. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरही त्यांनी वडिलांचं वय म्हणून तेच लिहिलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि तुम्ही वयाच्या रकान्यात घराचा नंबर लिहिलाय, असं प्रेमानं समजावलं. काकाजी घरी येऊन म्हणाले, बाई चांगल्या आहेत, पण त्यांना दहाच्या पुढे मोजता येत नाही.

मी त्या केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागलो तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. पहिल्या दिवशी काकाजींकडे मी गेलो ते एका किरकोळ कामासाठी. मी कागदाला भोक पाडायचं साधं पंच मागितलं. त्यांनी एक जाड वही माझ्यापुढे सरकवली. तिच्यात त्यांच्या ताब्यातल्या प्रत्येक वस्तूपुढे ती सध्या कुठे आहे ते पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. पंच: खिडकीजवळचं कपाट, वरून दुसरा खण. पट्टी: टाइपिस्टबाईंचा ड्रॉवर. चष्मा: नाक. कुठल्याही वस्तूला कायमची जागा नव्हती. जी वस्तू पंधरा दिवसांत वापरली गेली नाही ती दूर जायची, जिचा उपयोग वाढला ती जवळ यायची, आणि प्रत्येक हलवाहलवीबरोबर वहीतली जुनी ओळ खोडून नवी लिहिली जायची. वही मात्र जागची हलत नसे. ती साखळीनं टेबलाला बांधलेली होती.

घरीही हाच कारभार. एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे न पाहता मला म्हणाल्या, "पंधरा दिवस पोरगी आजारी होती म्हणून आम्ही खिचडी खाल्ली. तेवढ्यात यायनं माह्यं लाटणं माळ्यावर धाडलं. आता तुम्हीच सांगा, मी पोळ्या कशानं लाटू?" काकाजी शांतपणे म्हणाले की तक्त्यात लिहिलेलं आहे. काकू म्हणाल्या, "मले तक्ता नाही, लाटणं पाह्यजे." शेवटी मी शिडी लावून माळ्यावर चढलो. लाटणं वहीत लिहिलेल्या जागीच होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या शेजारी काकूंची लग्नातली पैठणी, कुकरची शिट्टी आणि देवघरातली घंटा होती. देवघरातली घंटा पंधरा दिवस वाजली नाही हे काकूंना त्या दिवशी कळलं आणि मग तो विषय जेवण होईपर्यंत पुरला.

लोकांना ही सगळी विक्षिप्तपणाची लक्षणं वाटायची. पण काकाजींचं कामच तसं होतं. यंत्राची मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. एकेका तुकड्याला पान म्हणायचं. चालणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं, आपलं सातवं पान सातव्या जागी आहे. असतं ते भलतीचकडे. कुठे आहे ते एका तक्त्यात लिहिलेलं असतं, आणि यंत्र प्रत्येक वेळी तक्ता पाहून योग्य जागी जातं. इथवर सोपं होतं.

आमच्याकडची अडचण पुढची होती. यंत्र एक, ते वापरणारी कार्यालयं तीन, आणि तिघांनाही यंत्र स्वतःचं हवं. म्हणून त्याच्यावर एक कारभारी प्रोग्रॅम बसवलेला होता. तो तिघांनाही, म्हणजे आमच्या भाषेत तिन्ही पाहुण्यांना, असं भासवायचा की अख्खं यंत्र तुझं एकट्याचं. मग प्रत्येक पाहुणा आपापला तक्ता मांडून बसायचा आणि त्यातले पत्ते खरे समजायचा. ते खरे नसायचे. खरी जागा कुठली, हे कारभाऱ्याच्या स्वतःच्या दुसऱ्या तक्त्यात असायचं. दर वेळी दोन तक्ते पाहत बसलं तर यंत्र रखडणार, म्हणून कारभारी दोन्ही मिळून एक तिसराच तक्ता करून ठेवायचा: पाहुण्याचं हे पान, थेट या खऱ्या जागी. यंत्र पाहायचं ते हा तिसरा तक्ता. पाहुण्यानं स्वतःचा तक्ता बदलला की कारभारी तिसरा तक्ता सगळाच फाडून नव्यानं भरायला घ्यायचा.

हे फाडणं काकाजींना बघवत नसे. त्यांनी दोन महिने खपून कारभाऱ्यात सुधारणा केली. सगळा तक्ता फाडायचा नाही, बदललेल्या ओळी तेवढ्या शोधून खोडायच्या. यंत्र असं पळायला लागलं की डायरेक्टर साहेबांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली, बाहेरच्या मंडळींना बोलावून भाषण केलं आणि परदेशातल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी काकाजींचं नाव पाठवलं. काकाजींनी तिकडच्या थंडीसाठी काही घ्यायचं का म्हणून विचार केला, पण स्वेटर होताच.

त्याच सुमारास आमच्याकडे दोन कामं एकदम चालू होती. एक इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाची सभासद-सूची. दुसरं, गुरांच्या एका पैदास केंद्राची वळूंची नोंदवही. दोन्ही कामं वेगवेगळ्या पाहुण्यांकडे, त्यामुळे एकमेकांना दिसायचाही प्रश्न नव्हता.

सूचीची छपाई झाली आणि दोन दिवसांनी इतवारीतले एक भांडीवाले शेठजी कागदाची गुंडाळी घेऊन आले. ते आरडाओरडा करत नव्हते, त्यामुळे आम्ही जास्त घाबरलो. त्यांनी कागद डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमचं यंत्र सगळं इंग्रजीतच छापायचं, पण मजकूर असा होता: शेठजींचं नाव, दुकान इतवारी, शिंगे मागे वळलेली, वशिंड मध्यम, स्वभाव मारका, पैदाशीसाठी योग्य.

"साहेब," शेठजी म्हणाले, "चाळीस वर्षं धंदा करून राहिलो. कोणी मले शिंगं लावून दिली नव्हती."

त्या पानावरच्या बावीस व्यापाऱ्यांचं तसंच झालं होतं. एक धान्याचे व्यापारी 'खच्ची केलेला' होते. ते स्वतः आले नव्हते, त्यांनी वकील पाठवला होता. गुरांच्या केंद्राकडून काही तक्रार आली नाही.

डायरेक्टर साहेबांनी पाच मिनिटांत निकाल लावला: कार्डं मिसळली. तेव्हा मजकूर यंत्रात घालण्याआधी जाड कार्डांवर भोकं पाडून उतरवावा लागे. दोन्ही कामांची कार्डं विमलनं पंच केली होती. विमल शहरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलनं यायची. वडील गिरणीत होते आणि घरातली पहिली कचेरीतली नोकरी हिची. दोन वर्षं ती तात्पुरत्या जागेवर होती आणि तिला कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीसाठी आलेला होता. साहेबांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिला लेखी खुलासा मागितला.

विमल रडली नाही. तिनं सांगितलं की दोन्ही गठ्ठे वेगळ्या रंगाच्या कार्डांचे आहेत, दोनदा तपासलेले आहेत आणि अजून तिच्या कपाटात आहेत. कोणीही मोजून घ्यावेत. मोजायला कोणी गेलं नाही. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा मी जरा मोठ्यानंच म्हणालो, मिसळली असतील. मला खात्री नव्हती. पण यंत्रावर संशय घ्यायचा म्हणजे काकाजींच्या सुधारणेवर घ्यायचा, आणि त्या सुधारणेच्या कौतुकाच्या भाषणात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. ते वाक्य बोलल्यावर विमलनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढंच.

काकाजींनी मात्र पुढचे तीन दिवस यंत्राच्या खोलीत काढले. त्यांनी यंत्राच्या पोटातली सगळी मेमरी आकड्यांच्या रूपात कागदावर छापून घेतली. तो कागद घड्यांचा, लांबच लांब. टेबलावर मावेना, म्हणून त्यांनी थंड खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि कागद धोतरासारखा वाळत घातला. दिवसभर ते त्या दोरीखालून मफलर सावरत, पुटपुटत, पेन्सिलीनं खुणा करत इकडून तिकडे फिरायचे. सफाईवाल्या बाईंनी एकदा तो कागद वाळला समजून घडी करून ठेवला. काकाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली.

चौथ्या दिवशी ते विमलच्या कपाटापाशी गेले आणि दोन्ही गठ्ठ्यांतलं एकेक कार्ड उजेडाला धरून पाहिलं. मग म्हणाले, "विमल, उद्या अकरा वाजता साहेबाच्या खोलीत ये. घाबरू नको वं." तिनं विचारलं, काहून? ते म्हणाले की मलाच भीती वाटते आहे, दोघांनी कशाला घाबरायचं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत शेठजी होते, गुरांच्या केंद्राचे डॉक्टर होते, विमल, मी, आणि आमचे पंचावन्न वर्षांचे शिपाई गुलाबराव. भिंतीला लागून नंबर घातलेले लोखंडी लॉकर होते. काकाजींनी शेठजींची काळी टोपी मागून घेतली. शेठजींनी ती नाइलाजानं दिली. काकाजींनी त्यांना एक कागद देऊन लिहायला लावलं: टोपी, माझा कप्पा तीन. स्वतःच्या कागदावर लिहिलं: शेठजींचा कप्पा तीन म्हणजे लॉकर सात. आणि टोपी सात नंबरात ठेवली.

मग गुलाबरावांना टोपी आणायला सांगितलं. गुलाबरावांनी शेठजींचा कागद वाचला, काकाजींचा कागद वाचला, सात नंबर उघडून टोपी आणून दिली. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी काकाजींनी त्यांना पेन दिलं आणि तळहातावर लिहून घ्यायला सांगितलं: टोपी सात. आता गुलाबराव कोणाचाच कागद न वाचता झटकन जाऊन टोपी आणायला लागले. साहेब म्हणाले, हीच तर आपली गती.

"हो," काकाजी म्हणाले. "आता पाहा."

त्यांनी शेठजींना कप्पा बदलायला सांगितलं. शेठजींनी आपल्या कागदावर तीन खोडून पाच लिहिलं. काकाजींनी आपल्या कागदावर पाच म्हणजे लॉकर दोन असं लिहून टोपी तिकडे हलवली. रिकामा झालेला सात नंबर त्यांनी डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी पिशवीतून बैलाच्या तोंडाला बांधायचं दोरीचं मुसकं काढलं आणि त्यात ठेवलं. दोन्ही कागद बिनचूक होते. साहेबांनी स्वतः तपासून तसं सांगितलं.

काकाजी म्हणाले, "गुलाबराव, शेठजीची टोपी आणा आन् त्यायच्या डोक्यावर ठेवा."

गुलाबरावांनी तळहात पाहिला, सात नंबर उघडला, मुसकं काढलं आणि दोन्ही हातांनी, फार आदरानं, शेठजींच्या डोक्यावर ठेवलं. ते कानांपर्यंत खाली आलं.

साहेबांनी गुलाबरावांना विचारलं, तुम्हाला दिसत नव्हतं का ते काय आहे? गुलाबराव म्हणाले, "मले आणाले सांगितलं होतं साहेब, पाहाले नव्हतं सांगितलं."

काकाजी म्हणाले, यंत्रही असंच असतं, गुलाबरावांचा काही दोष नाही. तळहातावरची ओळ पुसायला हवी होती. पूर्वी कारभारी सगळा तळहातच धुऊन टाकायचा. ते मी बंद केलं, काकाजी म्हणाले. कुठली ओळ जुनी झाली हे शोधताना मी पाहुण्याचा नवा तक्ता पाहत गेलो. जे त्याच्यातून आधीच गेलं होतं ते मला सापडणार कसं? तिसऱ्या तक्त्यात ते तसंच राहिलं, ती जागा वळूंना दिली गेली, आणि शेठजींच्या नावापुढे वळूची माहिती येऊन बसली.

मग ते विमलकडे वळले. "तुह्यं एकही कार्ड चुकलं नाही. चूक माही हाय. तुले जो त्रास झाला तो माह्यामुळे झाला."

विमलनं मान हलवली. शेठजी अजून मुसकं घालूनच बसले होते. त्यांनी ते काढलं, मांडीवर ठेवलं आणि पोरीला कायम करून टाका, असं साहेबांना सांगितलं, जणू केंद्र त्यांच्याच दुकानाची शाखा होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. सगळे गेल्यावर त्यांनी काकाजींना आणि मला थांबवून घेतलं. यंत्रातील दोष असं लिहू या, म्हणाले. विमलही सुटते, परदेशचं प्रशिक्षणही राहतं, माझं भाषणही राहतं. मला ते पटलं होतं. काकाजींनी थोडा विचार केला. मग म्हणाले की यंत्राचा दोष लिहिला तर कोणी माझा प्रोग्रॅम उघडून पाहणार नाही. माझा लिहिला तर पाहतील, आणि अजून एखादी ओळ राहिली असेल तर ती सापडेल. त्यांनी तिथंच बसून अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. विमलच्या कायम होण्याच्या कागदावर साहेबांनी सही केली ती त्यांच्यासमोरच.

परदेशी दुसरंच कोणी गेलं. काकाजींना कागद-पेन्सिलींच्या भांडाराचा कारभार दिला. त्यांना वाईट वाटलं असावं. पहिले काही दिवस ते भांडारातही स्वेटर घालून बसत, आणि तिथे साधा पंखासुद्धा नीट चालत नव्हता. नंतर त्यांनी भांडार आपल्या पद्धतीनं लावून घेतलं. कार्बन पेपर मागायला गेलेला माणूस अर्ध्या तासानं परत यायचा, पण कार्बन पेपर घेऊनच यायचा.

शेठजींनी सूचीचं ते चुकीचं पान मागून नेलं आणि दुकानात काच घालून लावलं. भांडी घ्यायला येणारी गिऱ्हाइकं आधी ते वाचायची. शेठाणींचं म्हणणं होतं की शिंगांचं माहीत नाही, पण स्वभावाचा रकाना यंत्रानं बरोबर भरलाय.

मी विमलची माफी मागायला बरेच दिवस घेतले. ती म्हणाली, मला वाटलंच होतं तुम्ही खात्रीनं बोलत नाही आहात. खात्री नसलेला माणूसच एवढ्या मोठ्यानं बोलतो. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन भांडाराकडे जाताना दिसायची. मला वाटायचं, कृतज्ञता असेल. वर्षभरानं कळलं की काकाजी तिला तो दोरीवरचा आकड्यांचा कागद वाचायला शिकवत होते.

एक दिवस सकाळी यंत्र अडलं. तिन्ही पाहुणे ठप्प, फोनवर फोन. आम्ही प्रोग्रॅमर लोकांनी दोन तास घालवले आणि काही सुचेना. साहेबांनी मान तुकवून मला भांडारात पाठवलं. काकाजी संत्रं सोलत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विमलले बसव ना गा."

मी म्हटलं, ती पंचिंगवर आहे. ते म्हणाले, मग उठव आणि बसव.

साहेबांकडे दुसरा मार्ग नव्हता. विमल थंड खोलीत गेली, कागद छापून घेतला आणि जमिनीवर पसरून त्याच्यामध्ये मांडी घालून बसली. काकाजी माझ्यामागे आले, पण आत आले नाहीत. काचेबाहेर उभे राहून एकेक फोड खात ते पाहत राहिले. मधेच त्यांचे ओठ हलायचे, बोटं सोळाच्या हिशेबानं मिटायची, एकदा तर त्यांनी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि दुसऱ्या हातानं तो खाली ओढला. तासाभरानं विमलनं एक ओळ पेन्सिलीनं गोल केली, उठून यंत्राच्या बटणांच्या पाटीवर चार आकडे बदलले, आणि यंत्राचे दिवे एकामागून एक पेटत गेले.

काकाजींनी संत्र्याची सालं माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले.

विमल बाहेर आली तेव्हा थंडीनं तिची बोटं पांढरी पडली होती. तिनं जिन्याकडे पाहिलं आणि काकाजी गेले का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "ते उभे होते म्हणून माह्यं तीनदा चुकलं."